खालचा माणूस

वय विचारलं तर "अठरा" म्हणालास,
पण आधी क्षणभर थांबलास.
खरं वय सांगताना कुणी थांबत नाही, एव्हेलिओ.

स्क्रँटन. ऑक्टोबर. सकाळचे सात.
डांबरी कौलांवर दहिवर गोठलेलं.
डोळ्यांना दिसत नाही, बुटाला कळतं,
आणि बुटाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

मेहुण्याने तुला दिलेला पट्टा मी पाहिला.
माझ्यासारख्या ढेरपोट्याच्या मापाचा.
मांडीचे बंद आवळले, छातीचा आवळला,
तरी माझी अख्खी मूठ आत फिरली.
आणि दोर? होता की.
तीस फुटी.
आढ्यापासून वळचण सोळा,
वळचणीपासून जमीन अकरा.
शाळा सोडून फार दिवस झाले नाहीत तुला,
सांग, उरलेले तीन फूट कशासाठी?

ड्यूई तुझ्याएवढाच होता.
ओरडलासुद्धा नाही.
काचेच्या झरोक्यावर कुणीतरी ताडपत्री टाकलेली,
आम्हाला वाटलं, खाली छप्परच आहे.
कुणीतरी म्हणतो मी.
ताडपत्री मीच टाकली होती.
नंतर कॉम्प्रेसर कितीतरी वेळ घरघरत राहिला,
तो बंद करायचं एकालाही सुचेना.

म्हणून तू खाली.
हे घे, चाकांचं चुंबक.
गवतातून ढकल, सावकाश,
जुने, वाकडे, गंजके खिळे
आपणहून येऊन चिकटतील.
बादली भर.
घरमालकिणीच्या कुत्र्याचे पंजे वाचतील.
मजुरी वरच्यांइतकीच मिळेल.
मेहुणा कुरकुरेल, कुरकुरू दे.

तोंड पाडू नकोस.
वर पोरं हसतायत, ऐकतोय मी.
माझी स्पॅनिश कच्ची आहे,
पण 'आई' हा शब्द मला कळतो.

वाढदिवस कधी तुझा?
खरा.
त्या दिवशी तुझ्या मापाचा पट्टा आणीन,
पाठीवरची कडी स्वतः ओढून बघेन,
दोर इतका आखूड ठेवीन
की वळचणीपाशीच अडशील.
चिडशील तेव्हा. म्हणशील,
म्हातारा दाव्याला बांधून ठेवतो.
चीड.

बरं, चुंबक जरा बाजूला ठेव.
इकडे ये, शिडी धर.
झरोक्यावर फळ्या ठोकायच्यात,
त्या मीच ठोकतो, दुसऱ्या कुणाला सांगत नाही.
गुडघा आता पहिल्यासारखा वाकत नाही माझा.
एका हाताने नको.
फोन खिशात घाल.
हं. आता धर.