एकास पाचशे

अहमदाबादच्या कस्टममध्ये चार दिवस अडकून
कोरडा बर्फ संपता संपता पोचली कुपी.
शंभर मायक्रोलिटर, म्हणजे दोन थेंब.
घारपुरे मॅडमनी बिल चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

कुठल्याशा सशाच्या रक्तातलं हे,
उंदराच्या गर्भातलं एक प्रथिन
ओळखायला शिकलेलं.
आम्ही त्याला विचारणार
फतेगंजच्या ट्यूबलाइटखालच्या पालीबद्दल.

पाली डाह्याभाई धरतात.
हातात शेपूट उरलीच तर म्हणतात,
"चालशे, पाछी आवशे."

येतेच. अठराव्या दिवशी गुलाबी टोक,
तांदळाएवढं.
अंड्यात असताना आपलं काम उरकून
जे निजलं होतं,
ते उठलंय का तिथे?

एकास पाचशे. रात्रभर चार अंशांवर.
विश्वामित्रीचा वास येतो म्हणून खिडकी लावलेली.

सकाळी अंधाऱ्या खोलीत आधी नुसता काळोख.
मग फोकस फिरवताना, कातडीच्या जरा आत,
हिरवे ठिपके,
सात, नाही, नऊ,
केंद्रकात नेमके बसलेले.

कंट्रोलची काच अजून बघितलेली नाही.
तीही अशीच उजळली तर
सगळं खोटं.

दारात चहा घेऊन डाह्याभाई: "देखायुं?"

मी काचेवर हात ठेवून बसते.
चहा निवेपर्यंत तरी
ससा खरं बोलतोय.