अर्जदाराचे बाळाशी नाते

जळगावला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.
पंख्याखाली फायली फडफडत होत्या,
एकेकीवर दगड ठेवलेला, गोल, गिरणेतला असावा.
बाईंनी विचारलं, आपण कोण?

सावद्याच्या मालधक्क्यावर मला हे कुणी विचारत नाही.
तिथं मी घड मोजतो.
डब्यात किती गेले, किती खरचटले, किती परत,
माझ्या तोंडच्या आकड्यावर दिल्लीचे व्यापारी पैसे सोडतात.

मुलगी, म्हणालो. फेब्रुवारीतली. सिव्हिलमधली.
तिच्या आईचं नाव सांगितलं, हळू.
इथं लिहीत नाही. तिनं गाव सोडलंय,
नाव तरी तिचं तिच्याकडे राहू दे.

लग्न?
नाही.
जन्मदाखल्यावर तुमचं नाव?
नाही.
आईला साठ दिवस होते, विचार बदलायला.
ते संपून अकरा दिवस झाले.
आणि मला किती होते?
बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.
तुमच्यासाठी रकाना नाही हो, दादा.

आमच्याकडच्या केळीला बी नसतं.
बुंध्याशी पील फुटतं, कंदातून,
घड उतरला की आईचं खोड कापतात
आणि पील उभंच राहतं चिखलात.
लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, केळीचा बाप कोण?
ते विळा थांबवून हसले होते:
तिले बाप कायले लागतो रे पोऱ्या?
नियम लिहिणाऱ्यानं केळीच बघितली असणार.
आणि ऑगस्टात, फैजपूरच्या स्टँडमागं,
झेरॉक्सच्या दुकानापाशी तिनं मला सांगितलं
तेव्हा मीही.

मी म्हणालो होतो, बघू.
नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही.
मग बापूंचं ऑपरेशन, मग माल सुरू झाला,
मग तिचा फोन बंद.
त्याआधी आठवडाभर माझाच बंद होता,
मी केलेला. हेही लिहून ठेवतो.

याच बाकावर ती बसली असेल,
ओढणी पुढून घट्ट धरून, दूध उतरत असताना.
सही केली असेल, तिची वळणदार, शेवटी दोन टिंबं.
शेजारची जागा रिकामी, मी आत्ता बसलोय ती.
तिच्यावर राग नाही माझा.
राग यायला आधी शेजारी बसावं लागतं.

बाळ कुठंय?
सांगता येत नाही.
बरंय ना?
बरंय. वजन वाढलंय.
म्हणजे कुणीतरी मोजतंय.

म्हटलं, एक कागद ठेवता येईल का फाइलीत,
मोठी झाल्यावर तिनं विचारलंच तर?
त्यांनी नियम पाहिला नाही.
एक पाठकोरा कागद दिला आणि स्वतःचा पेन.

लिहिलं: रक्त बी पॉझिटिव्ह.
आजीला साखर आहे.
आजोबांचा घोळणा फुटायचा, वैशाखात.
आपल्या कानाच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या असतात.
मी डावखुरा आहे.
तू चमचा डाव्या हातात धरलास
आणि कुणी काढून उजव्यात दिला
तर रडू नको. ते पाठ फिरवतील तेव्हा परत डाव्यात घे.

खाली सही करायची राहिली होती.
काय म्हणून करू ते सुचेना, म्हणून कागद उलटला,
तर मागं छापलेलं: अर्जदाराचे बाळाशी नाते
आणि पुढं नुसती टिंबं, ओळ संपेपर्यंत.

बाईंनी कागद दगडाखाली सरकवला.
आवक क्रमांक टाकला नाही.
म्हणाल्या, ठेवून जा. बघू.

परतीच्या पॅसेंजरला गर्दी नव्हती.
भुसावळ गेल्यावर लक्षात आलं,
बाईंचा पेन माझ्याच खिशात आहे.
द्यायला जायला पाहिजे.