शुद्धिपत्र

बाबा नारायण पेठेतल्या छापखान्यात प्रुफं तपासायचे.
एखादी वेलांटी निसटून छापली गेली
तर त्या रात्री त्यांना जेवण जात नसे.
त्यांच्याच रक्तात एक अक्षर चुकीचं जुळलेलं होतं,
आईच्याही, नेमकं तेच.
दिगूच्या वाट्याला दोन्ही आली.
माझ्या वाट्याला एकच,
म्हणून मला दिसतं.

दिवेलागणीला तो जिन्याची भिंत चाचपत उतरायचा.
आई गाजरं किसायची, किलोकिलोनं.
अकराव्या वर्षी अंधशाळेत तो खुर्च्या विणायला शिकला.
प्रयोगशाळेतली माझी खुर्ची त्यानंच विणलेली,
तीनदा.

पाषाणला सव्वीस वर्षं मी विषाणू पोकळ करत बसले.
त्याचा आजार काढून घ्यायचा,
आत एक ओळ ठेवायची, बिनचूक,
आणि डोळ्याच्या पडद्याखाली थेंब सोडायचा.
साबुदाण्याएवढा फुगा उठतो, मग जिरतो.
सांगायला एवढंच.
बाकी उंदीर, नकाराची पत्रं,
आणि मे महिन्यातली ती रात्र :
वीज गेली, जनरेटर रुसला,
उणे ऐंशीचा फ्रीजर घाम गाळू लागला.
शिपाई खंडाळेंच्या स्कूटरवर मागे बसून
स्वारगेटच्या आइस्क्रीमवाल्याकडून कोरडा बर्फ आणला.
तरी दीड वर्षाचं काम पाणी झालं.
खंडाळेंनी ते फडक्यानं पुसलं.

सासवडचा रेवण, आठ वर्षांचा.
अंधुक खोली, जमिनीवर बाण, वाटेत ठोकळे.
आधी तो हात पुढे करून चालायचा,
पाण्यात उतरल्यासारखा.
तीन महिन्यांनी हात खिशात घालून आला.
ठोकळे ओलांडले. मध्येच थांबला.
आम्ही सगळे काचेमागे गप्प.
मी दार उघडलं तर माझ्या पायांकडे बघत म्हणाला,
"बाई, तुमच्या चपला दोन वेगळ्या आहेत."

त्याच संध्याकाळी दिगूकडे गेले.
तो वेताच्या पट्ट्या ओढत होता.
त्याला सगळं आधीच माहीत आहे :
शुद्धिपत्र चिकटवायला पान तरी शिल्लक लागतं,
त्याच्या पडद्यावर पेशीच उरलेल्या नाहीत.
हे मीच त्याला सांगितलं होतं, सात वर्षांपूर्वी, फोनवर,
समोर बसून सांगायचा धीर झाला नव्हता.

चपलांचं ऐकून तो हसला, खोकला येईपर्यंत.
मग म्हणाला, "रंग कुठले?"
एक काळी, म्हटलं, एक तपकिरी.
"काळा आठवतो," म्हणाला,
आणि वेत भिजत घालायला उठला.