पंच क्रमांक दोन

वाशीच्या हॉस्पिटलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
आधार, रेशनकार्ड, डिस्चार्जचे कागद.
हवालदार तांडेल काउंटरवर बोटं वाजवतात :
ताई, पाच मिनिटं. पंच लागतोय.
पाच मिनिटं कधीच पाच नसतात.

सात वर्षांत एकोणचाळीस मरणांवर सही केली.
भाषा पाठ झाली.
प्रेत उताण्या स्थितीत. बांधा सडपातळ. वर्ण सावळा.
जन्मभर ज्याला कुणी 'अहो' म्हटलं नाही
तो इथे 'सदर इसम' होतो.
आणि खाली, नेहमीच्या जागी :
पोलिसांच्या मताशी आम्ही पंच सहमत आहोत.

आमचे अण्णा पुलापलीकडचे, परळला टाइमकीपर.
तिकडे तेव्हा कॉरोनर असायचा.
एकदा ज्युरीत बसवलं त्यांना, घडीचं धोतर नेसून गेले.
पोरगा पट्ट्यात अडकून मेलेला.
अण्णांनी हात वर केला आणि विचारलं,
यंत्राचं झाकण कुठे होतं?
एवढंच.
मालकाचा वकील पाणी प्यायला थांबला.

ते कोर्ट पुढे बंद झालं. साहेबाच्या काळातलं,
तारखांवर तारखा, प्रेतं ताटकळत.
गेलं ते बरंच झालं, लोक म्हणाले. झालंही असेल.
पण तो वर केलेला हात,
तो पुलाच्या या टोकाला
कधी आलाच नव्हता.

आता कायदा नवा. एकशे चौऱ्याहत्तरचं एकशे चौऱ्याण्णव झालं,
तांडेलांच्या जिभेवर अजून जुनाच आकडा.
नवा शिपाई मोबाइलवर शूटिंग करतो,
पायांपासून डोक्यापर्यंत, सावकाश,
बारशाचं करावं तसं.

मंगळवारी, मयत नामे गुलाब सोनकांबळे, वय एकतीस.
पावण्याची कंपनी. केमिकलची टाकी.
तांडेल लिहीत होते : काठावरून पाय घसरून, अकस्मात.
भाऊ दाराशी उभा, हातात पिशवी,
पिशवीत निळ्या पट्ट्यांच्या चपला.
कुठे सापडल्या?
टाकीपाशी. शेजारी-शेजारी ठेवलेल्या.
मी हात लावून पाहिला. कोरड्या.

देवळाबाहेर काढतात तशा चपला काढून
कोण घसरतं, तांडेल?
तो उतरला होता. त्याला उतरवला होता.

त्याला रकाना नाही, ताई.
मग समासात लिहा.
शवविच्छेदनात येईल सगळं.
पोटात येईल, फुप्फुसात येईल. चपला कुठे येणार?

पंखा फिरत होता. पंच क्रमांक एक,
चहावाला मुकादम, फरशीकडे बघत होता.
शिपायाचा मोबाइल अजून चालू,
माझा आवाज त्यात गेला
आणि आता तो चोवीस तासांत साहेबांकडे पोचेल
की एखाद्या फोल्डरमध्ये गुलाबशेजारी पडून राहील,
ते मला सांगता येणार नाही.

तांडेलांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
मग कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात :
चपला कोरड्या, जोडीने ठेवलेल्या, असे पंच क्र. दोन सांगते.
मी सही केली. चाळिसावी.

तीन प्रती काढा, म्हणाले, नेहमीप्रमाणे.
यंत्र तापायला वेळ लागतो.
पहिली प्रत आली, आणि कड कापली गेलेली.
मी झाकण उचललं,
काचेवर कागद बोटभर सरकवला
समास आत येईपर्यंत.