अजून गोड

कैतानकाका आधी विहिरीचं पाणी जिभेवर धरतात,
मग बी काढतात.
"अजून गोड आहे. फेब्रुवारीपर्यंत पुरेल."
गोराईची खाडी जमिनीखालून सरकत येते,
हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

दोडक्याचा मांडव आज उतरवला.
सुतळ्या वाळलेल्या, हात लावला की तुटत होत्या.
एक दोडका पानांआड राहून गेलेला,
तपकिरी, कागदासारखा हलका.
हलवला तर आत बिया खुळखुळल्या.
"तो टाकू नको. तोच पुढच्या वर्षीचा."
मी तो सायकलच्या हँडलला बांधला.

दुपारी वाफे. शेणखत, राख, थोडी वाळू.
मेथी फेकायची ती मूठ सैल सोडून,
तळलेल्या मासळीवर मीठ भुरभुरावं तशी.
माझी मूठ घट्ट. एकाच जागी ढीग पडला.
काका हसले नाहीत,
बोटानं पसरत राहिले.

मग मुळे उपटले, दसऱ्याला पेरलेले.
एक निघाला दोन पायांचा.
सिल्व्हियानं त्याला फडक्याचा झगा नेसवला
आणि विकू दिला नाही.

उद्या पहाटेच्या बोटीनं बोरिवलीला.
तिथे कुणी जुडी उलटी करून म्हणेल,
"वाळू आहे हो मुळाशी."
असणारच.
आम्ही समुद्राला लागून राहतो, बाई.

अंधार पडता पडता वाफ्यांवर ओली गोणपाटं टाकली.
काका पुन्हा विहिरीवर गेले,
ओंजळभर प्यायले, उभे राहिले.
काही बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही,
बी पडून गेलं होतं.