एम. ए. दोन, भाषाविज्ञान

ग्रुप मी काढला नव्हता.
काढला अब्दुलगनी शेखने, माझ्याच तासाला मागे बसून,
आणि मला ओढून ॲडमिन केलं,
लग्नात अनोळखी पाहुण्याच्या हातात अक्षता कोंबाव्यात तसं.

आठवडाभर नुसते गुलाब, सुप्रभात.
मग वैतागून मीच टाकलं :
घरात बोलता त्यातला एक शब्द पाठवा, आवाजात.
रात्री नऊच्या आत. दोन गुण.

केगावच्या तापलेल्या वर्गात
घसा बसेपर्यंत विचारलं तरी
पंख्याशिवाय कुणी बोलत नाही.
इथे मात्र तोंडं सुटली.
अक्कलकोटच्या महानंदाने कानडीत म्हशीला हाकारलं.
शेख दखनीत ‘नक्को’ असा म्हणाला
की त्यातला ‘क’ मोजून घ्यावा.

भाग्यलक्ष्मी येमुलचा आवाज यायचा
पावणेदोनला, पहाटेच्या बाजूचा.
मागे खडखड, खडखड.
मला वाटलं, फोन बिघडलाय.
उशीर. शून्य.
पुन्हा उशीर, पुन्हा शून्य.
निळ्या खुणा तिच्याकडे उमटल्या, माझ्याकडेही.
विचारलं कुणीच कुणाला नाही.
तिसऱ्या बाकावरची ती,
‘हजर’ म्हणतानाही ओठ न हलवणारी.

मार्चमध्ये एका रात्री, उकाड्याने जागाच होतो,
तिच्या नंबरवरून पुरुषाचा आवाज आला :

‘ऐका की ओ सर, मी व्यंकटेश, लक्ष्मीचा भाऊ.
फोन माझा हाय. खाली माग, वर आम्ही.
दीडला चहाला वर जातो, तवा तिला मिळतो.
तुमचं ते स्वरांचं मी कानात घालून ऐकतो मागावर.
खडखडीत निम्मं जातं, म्हणून चारदा.
आठवीत सुटली माझी शाळा.
एक विचारू का?
मराठीत माग. कानडीत मग्ग. आमच्यात मग्गम.
आधी कुणाचं, सर?’

आणि मग तो थांबला, पण रेकॉर्डिंग चालूच,
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.

ध्वनिविचारावर माझी पीएच.डी.
तेवीस वर्षं झाली शिकवून.
त्याला मी बराच वेळ
नुसता ‘टाइप करत आहे’ असा दिसत राहिलो.
लिहिलं, पुसलं.
शेवटी : माहीत नाही. बघून सांगतो.

त्याने अंगठा पाठवला.
पगाराच्या वहीवर आडवा उठायचा तसा नव्हे,
उभा.

सकाळी शून्यं खोडली, नऊची अट काढली.
विभागप्रमुख म्हणाले, ग्रुपमधलं गुणांत धरू नका,
परिपत्रक आलंय.
मी हो म्हणालो. परिपत्रक उघडलं नाही अजून.

हजेरीपटावर बेचाळीस नावं,
ग्रुपमध्ये मी सोडून बेचाळीस नंबर.
हिशेब चोख जुळतो, त्याचंच काय करावं कळत नाही.

सोमवारी नावं घेत एकोणतिसाव्यापाशी आलो.
‘हजर,’ ती म्हणाली, ऐकू येईल असं.
मी पुढचं नाव घेणार तेवढ्यात,
‘सर, अन्ना विचारतोय,
सापडलं का?’