दोनशे सदतीस

लातूरचं पाणी मला बोटांनी कळतं.
बादलीत हात घालून, बोटावर बोट घासून
सांगतो मी, बोअर किती फुटांचं असंल
आणि गिझरची कॉइल कुठल्या महिन्यात जाईल.
वीस वर्षं हाच धंदा. औसा रोड, खाडगाव, शाहू चौक,
पांढरीफट्ट कॉइल ओढून काढायची
आणि पेचकसाच्या मुठीनं ठोकायची.
टरफलं पडतात फरशीवर.
बाई म्हणतात, अगं माय, एवढं आत होतं?

आतच असतं, ताई.
साचताना आवाज करत नाही.

परवा मपलाच नंबर लागला.
हात डोक्यावर, श्वास धरा, सोडा.
बिडी पेटवायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.
मुंदडा डॉक्टरांनी पडद्यावर पेन टेकवला.
करड्या ढगात तीन पांढरे कण,
हुरड्याच्या ताटात खडा यावा तसे.
कॅल्शियम, म्हणाले. स्कोअर दोनशे सदतीस.
मॅट्रिकला मला एवढे पडले नव्हते.
मी हसलो. ते हसले नाहीत.

म्हटलं, साहेब, हे बोअरच्या पाण्यानं?
नाही.
मग चुन्यानं? दिवसातून आठदा तळहातावर असतो.
चुन्याला कशाला धरता, बसलिंगप्पा,
त्याच्यासोबत काय मळता ते सांगा.

मग सांगितलं त्यांनी, सावकाश,
मी गिऱ्हाईकाला सांगतो तसं:
नळीला आतून चरे पडत गेले,
धुरानं, तंबाखूनं, अंगातल्या दाबानं.
चऱ्यांत चरबी शिरली. आणि शरीर बिचारं
गवंड्यासारखं वर्षानुवर्षं
त्या पडझडीवर गिलावा करत बसलं.

घरी येताना मी एकेका कणाची तारीख शोधत होतो.
टपरी दोनशे पावलांवर, तरी गाडीला किक.
रात्री अकराला बसस्टँडमागं निलंगा राईस,
कागदातून तेल झिरपून हिशेबाच्या वहीवर.
बीपीची गोळी, जी मी सोडली
कारण काहीच दुखत नव्हतं.
आणि तो उन्हाळा,
गावाला पाणी रेल्वेनं आलं तो.
टँकर पहाटे तीनला यायचा, कधी यायचाच नाही,
घागरींच्या रांगेत जागं राहायला
मुजम्मिल बिडी द्यायचा, मी काडी.
त्या बिड्या मोजायच्या का, साहेब?
त्या तर पाण्यासाठी ओढल्या होत्या.

हे विचारायचं राहिलं.
विचारलं ते दुसरंच.
म्हटलं, आम्ही कॉइलवर ॲसिड ओततो,
दहा मिनिटं फेस येतो, तांबं निघतं नव्यासारखं.
इथं तसलं काही?

बराच वेळ ते कागदावर लिहीत राहिले.
बसलंय ते निघत नाही, म्हणाले.
पुढचं बसू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात.
चालायचं. झोपायचं. ही गोळी सोडायची नाही.
आकडा गोळीनं थोडा वाढेलसुद्धा, घाबरू नका,
मऊ असतं ते फुटतं,
कडक झालेलं गुमान बसून राहतं.

म्हणजे आता हे घेऊनच राहायचं.
भिंतीतल्या जुन्या पाइपासारखं,
फरशी फोडल्याशिवाय बदलता न येणारं,
पाणी बारीक येतंय,
पण येतंय.

काल पिशवी खांद्याला मारून चालत गेलो
खाडगावच्या कामाला. पाऊण तास.
लोकांनी विचारलं, गाडी पंक्चर का?
तिसरा मजला. जिन्यात दोनदा थांबलो,
कॉइल काढली, ठोकली,
आणि पहिल्यांदाच खाली पडलेलं टरफल
उचलून बघितलं.
पांढरं, हलकं, आतून कडीकडी.
झाडाच्या खोडात दिसतात तशा.

रात्री महानंदाला सांगितलं,
सुरुवात केली. चुन्याची डबी गटारात टाकली.
नुसती तंबाखू काही मळता येत नाही,
आपोआप सुटंल.

तिनं मपल्या खिशाकडं बघितलं.
पुडी होती तिथं.
भाकरी उलटत म्हणाली,
व्हय, ज्याची चूक नव्हती
त्यालाच बरा घराबाहेर काढला.